इंद्रायणीचं प्रस्थान

१२ जानेवारी १९९८, सोमवार. जालना

दुपारी फॅक्सचं मशीन कुरकुरायला लागलं तेव्हा योगायोगाने मीच समोर उभा होतो. हॉलंडच्या विद्यापीठाचं पत्र होतं. मिरचीवरच्या चुरडामुरडा रोगाचं काम त्यांच्या प्रयोगशाळेत चालतं, तिथे चार महिने पाहुणी संशोधक म्हणून यावं, राहण्याचा खर्च त्यांचा, जाण्यायेण्याचं तिकीट आमच्या केंद्राचं. काम ४ मेला सुरू होणार. त्या दिवशी जो हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, हेही स्पष्ट लिहिलं होतं. खाली नाव डॉ. इंद्रायणी यांचं. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं.

मी कागद घेऊन जाळीघराकडे जवळजवळ पळतच गेलो. ती रोपांची पानं उलटी करून पांढरी माशी बघत होती. तिने पत्र दोनदा वाचलं, हात ॲप्रनला पुसले, पुन्हा एकदा वाचलं आणि "खरंच का हो?" एवढंच म्हणाली. मग राहिलेली ओळ संपवायला परत वाकली. एवढी मोठी बातमी आणि बाई माशा मोजतेय. संचालकसाहेबांनी मात्र पेढे मागवले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले की धर्मराज, आता घरचीच स्वारी आहे, व्यवस्था चोख पाहिजे.

हे मला सांगायला कशाला पाहिजे? या बियाणे संशोधन केंद्रात प्रशासन माझ्याकडे आहे. परदेशी जाणाऱ्या शास्त्रज्ञांचे पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं, भत्ते सगळं माझ्याच टेबलावरून जातं. आजवर तिघांना पाठवलं. एक इस्राएलला, एक तैवानला आणि एक हॉलंडलाच. एकाचंही काम माझ्याकडे अडकलं नाही. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही, पण विमानाचं सगळं मला पाठ आहे.

फार आनंद झाला आहे. जेवताना अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. आनंदानेच असेल. आई म्हणाली पित्त झालं असेल, लिंबू पी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येऊन गेले आणि घराला कुलूप होतं. शनिवारची गोष्ट. आम्ही तिघं घनसावंगीला शेतावर हुरडा खायला गेलो होतो.

शनिवारी माणूस येईल असं ठाण्यातून मला सांगितलं होतं, नाही असं नाही. पण गावाकडून बोलावणं आलं होतं, ज्वारी ऐन हुरड्यात होती, आणि इंद्रायणीला लग्न झाल्यापासून एकदाही हुरड्याला नेलं नव्हतं. तीन वर्षं झाली लग्नाला. पोलीस काय, आज नाही तर उद्या येतात. तिने मला विचारलं की शनिवारी कोणी येणार आहे हे तुम्हाला माहीत होतं का. मी म्हटलं, ते लोक दिवस कुठे सांगतात? उगाच तिच्या डोक्याला ताप नको.

तर आज ही बाई जेवणाच्या सुट्टीत एकटी ठाण्यात गेली आणि त्या हवालदाराला आपल्या लूनावर मागे बसवून घरी घेऊन आली. सगळ्या गल्लीने बघितलं. आईने त्याला चहा दिला, त्याने शेजारच्या काकासाहेबांची सही घेतली आणि काम झालं. मी उद्या जाणारच होतो. एक दिवस थांबायला काय हरकत होती? संध्याकाळभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

विशेष काही नाही. तीनदा फिरून आलो. मोतीबाग तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. बसवत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खर्चाचा प्रस्ताव आज संचालकसाहेबांपुढे ठेवला. आधीच्या तिघांना गरम कपड्यांचा भत्ता, मुंबईत एक रात्र हॉटेल आणि विमानतळापर्यंत टॅक्सी असं दिलं होतं. इंद्रायणीच्या प्रस्तावात मी हॉटेल आणि टॅक्सी दोन्ही घातली नाहीत, आणि कपड्यांचा भत्ता निम्मा केला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं उद्या कोणी म्हणायला नको. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मला वाटलं होतं ती घरी यावरून बोलेल. बोलली असती तर मीही बोललो असतो, माझी तयारी होती. पण तिने फक्त मान हलवली आणि म्हणाली, "चालंल. मुंबईला वसंता न्यायला येईल." वसंता म्हणजे तिचा भाऊ, कल्याणला असतो. तत्त्वाने वागल्याचं समाधान मिळायला पाहिजे होतं, ते काही मिळालं नाही.

९ मार्च, सोमवार

पासपोर्ट आला. पोस्टमनने केंद्रात आणून माझ्याच हातात दिला. फोटोत ती नाकासमोर बघतेय, हसत नाहीये, आणि तरी डोळ्यांत काहीतरी चाललेलं आहे. असा चेहरा ती घरी कधी करते ते मला आठवेना. पासपोर्ट दिवसभर माझ्या खिशात राहिला. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा दिला. विसरलो होतो.

१८ मार्च, बुधवार

आज नको ते झालं.

गेल्या आठवड्यात मी विद्यापीठाला फॅक्स पाठवला होता. विम्याचं पत्र हवं होतं, त्यासाठीच. त्यात शेवटी एक ओळ मी आपली सहज घातली, की पाहुण्या संशोधकाचे पती सोबत येणार असतील तर राहण्याची काय सोय होते. नुसती चौकशी. व्यवस्था बघणाऱ्याने सगळ्या बाजू विचारून ठेवायच्या असतात. आधीच्या तिघांच्या वेळी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा तसा प्रसंग नव्हता.

त्यांचं उत्तर आज आलं ते मी बँकेत गेलो असताना आलं, आणि शिपायाने ते ज्याचं त्याला म्हणून तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. खोली एकाच माणसाची आहे, पतींची सोय होणार नाही, क्षमस्व, आणि येणं इतकंच आवश्यक असेल तर डॉक्टरांचा मुक्काम कमी करून दोन महिन्यांचा करता येईल, तसं कळवावं.

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. समोर हिशेबनीस बसलेले होते म्हणून तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर चपला काढतानाच म्हणाली, "मला इचारायचं होतं की हो. मी न्हाई म्हणले असते का?"

मी म्हटलं की काय विचारायचं?

"यायचं का ते."

मी सांगितलं की मला यायचं वगैरे काही नव्हतं, केंद्राचं काम टाकून मी कुठे येणार, ती फक्त प्रशासकीय चौकशी होती. ती हातातली चप्पल तशीच धरून उभी होती. मला वाटतं तिला माझ्याकडून आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण मी खरं तेच सांगितलं होतं, आणखी काय सांगणार? मग तिने स्वतःच बसून उत्तर लिहिलं. मुक्काम चार महिन्यांचाच, एकटी येतेय. सकाळी स्वतः फॅक्स करते म्हणाली. म्हणजे आता पत्रव्यवहारसुद्धा माझ्या हातात राहिला नाही.

झोप लागेना म्हणून उठून लिंबू प्यालो. पित्तच असावं.

२४ मार्च, मंगळवार

आईला यातलं काही पटलेलं नाही. तसं ती बोललेली नाही, पण मला कळतं. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाही आणि सून निघाली समुद्रापलीकडे, असं कोणत्या आईला आवडेल? मी इंद्रायणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, आत्याबाई मला तर काही म्हणाल्या नाहीत, उलट तिथे भाकरी कशी करशील म्हणून ज्वारीचं पीठ बांधून देते म्हणाल्या. आईचा स्वभावच तसा आहे. मनातलं बाहेर येऊ देत नाही.

८ एप्रिल, बुधवार. मुंबई

व्हिसा मिळणार. परवा पासपोर्टवर शिक्का मारून देतील, तोपर्यंत आम्ही वसंताकडे कल्याणला.

मी आठ दिवस खपून फाइल तयार केली होती. निमंत्रण, विमा, केंद्राची हमी, आणि साहेब काय विचारतील आणि तिने काय सांगायचं त्याची टिपणं. गाडीत मी तिची उजळणी घेत होतो. परत कशावरून याल? पती भारतात आहेत. नोकरी भारतात आहे. सासूबाई वयस्कर आहेत. तिने दोनदा नीट म्हणून दाखवलं आणि मग खिडकीकडे तोंड करून झोपून गेली.

हॉलंडच्या वकिलातीत आत फक्त तिलाच सोडलं. मी समोरच्या फुटपाथवर उभा. काय उकाडा, काय ती गर्दी! मला सारखं वाटत होतं की आत काहीतरी चुकलं असणार, मला बोलावतील, मी जाऊन सगळं सावरून घेईन. चहा घेतला, तो अर्धा टाकला. दरवाजासमोरून इतक्या वेळा गेलो की पहारेकऱ्याने विचारलं, "क्या काम है?" मी म्हटलं, माझी बायको आत आहे. तो म्हणाला, तो फिर खडे रहो ना.

ती बाहेर आली तेव्हा हसत होती. मी विचारलं की परत कशावरून याल हे विचारलं का? नाही म्हणे. मिरचीचा रोग म्हणजे काय, तेवढंच त्या गोऱ्या बाईने विचारलं. हिने हाताची बोटं आखडून पान कसं चुरमडतं ते दाखवलं, बाई हसली आणि म्हणाली शुक्रवारी या. माझी फाइल तिने उघडलीसुद्धा नव्हती. तरी पण फाइल सोबत असली की माणसाला धीर असतो, त्याचा परिणाम समोरच्यावर होतोच. मी तसं तिला म्हटलं. "व्हय, त्याच्यामुळंच झालं," असं ती म्हणाली.

मग आम्ही समुद्र बघायला गेलो. ती वाळूत पुढे चालत गेली, साडी वर धरून, आणि मी चपला सांभाळत मागे उभा. मला तेव्हा एकदम रडू आलं. ऊन फार होतं.

२२ एप्रिल, बुधवार

तिकीट आलं. २ मेच्या रात्रीचं विमान. म्हणजे १ मेच्या संध्याकाळच्या गाडीने जालना सोडायचं, सकाळी वसंता तिला उतरवून घेणार आणि रात्री विमानात बसवून देणार. मी मुंबईपर्यंत येतो म्हणालो तर ती म्हणाली, तुमची सुट्टी कशाला मोडता, आत्याबाई एकट्या राहतील. तेही बरोबरच आहे.

आईने पंचांग बघून आणलं. १ मेला शुक्रवार, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. मुंबई पडली पश्चिमेला. त्या दिवशी घरातून निघू नये. तिकीट तर बदलता येत नाही. मी म्हटलं, बघ, मी म्हणत होतोच की आईच्या मनात नाही.

पण आईनेच तोड काढली. प्रस्थान ठेवायचं. आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे. निघण्याचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग वाईट दिवशी जाताना ती नुसती उचलायची आणि तसंच पुढे जायचं. एक मात्र पाळायचं, ठेवलेली पिशवी पुन्हा आपल्या घरात आणायची नाही. पुढच्या बुधवारी अक्षय तृतीया आहे, त्याहून चांगला दिवस कोणता? ठेवायचं काकासाहेबांकडे. ते तलाठी होते, आता निवृत्त. ते आणि झुंबरकाकू दोघंच राहतात, आणि त्यांचं घर आमच्या पश्चिमेलाच आहे. इंद्रायणी हसली, पण हो म्हणाली.

२९ एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

सकाळी पुरण, आमरस. दुपारी आईने प्रस्थानाची पिशवी भरली. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक खण. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, काकासाहेबाकडे ठेवून ये.

मी विचार केला की तांदूळ आणि सुपारी म्हणजे काही इंद्रायणी नाही. प्रस्थान ठेवायचं तर खरंखुरं ठेवावं. ज्याच्याशिवाय तिला जाताच येणार नाही अशी वस्तू पाहिजे. म्हणून कपाटातून तिचा पासपोर्ट, तिकीट आणि प्रवासी चेकचं पाकीट काढलं आणि खणाखाली नीट घालून ठेवलं. त्या वेळी ती केंद्रात रोपं दुसऱ्याच्या हवाली करायला गेली होती. आईला माझा हा विचार सांगितला नाही, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काकासाहेब आणि काकू उद्या सकाळी धावड्याला पुतणीच्या लग्नाला निघणार आहेत, म्हणून संध्याकाळीच पिशवी देऊन आलो. काकूंनी ती देव्हाऱ्यापाशी ठेवली, वर फूल वाहिलं. शुक्रवारी दुपारचं लग्न लागलं की परत येतो म्हणाले. गाडी संध्याकाळची. बरोबर जमेल.

कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवलो.

३० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी इंद्रायणी बॅग भरायला बसली आणि कपाट उघडून म्हणाली, पासपोर्ट कुठे आहे?

मी सांगितलं.

ती खाली बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, काकूंची चावी आपल्याकडे आहे ना? नव्हती. दर वेळी गावाला जाताना त्या आमच्याकडेच चावी ठेवतात, तुळशीला पाणी घालायला. या वेळी मी घ्यायची विसरलो. धावड्याला मांडवात फोन नाही. मी म्हटलं, ते उद्या दुपारनंतर निघतीलच, गाडीच्या आधी पोहोचतील.

"लग्नातून कोणी टायमावर निघतं का हो?"

कुलूप तोडू या असं ती म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. माणसं लग्नाला गेलेली, घर आपल्या भरवशावर, आणि त्यांच्या दाराचं कुलूप फोडायचं? त्यात प्रस्थान ठेवलेलं घर. आईला हे चालणार नाही. असल्या गोष्टीत ती फार कडक आहे, तिला विचारायचीसुद्धा गरज नाही. मी सांगितलं की सकाळच्या पहिल्या गाडीने मी स्वतः धावड्याला जातो आणि चावी घेऊन दुपारपर्यंत परत येतो. ती म्हणाली, "याल ना?"

हा काय प्रश्न झाला? मला राग आला. मी घड्याळाचा गजर लावून आडवा झालो.

२ मे, शनिवार

काल लिहायला झालं नाही. कालचं आज लिहितो.

सकाळी एसटीने भोकरदनला उतरलो, तिथून काळीपिवळी जीपने धावड्याला. मांडवात गेलो तेव्हा नवरदेव अजून मारुतीलाच होता. काकासाहेब फेटा बांधून पाहुण्यांच्या मागे धावत होते. काकूंना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी कमरेची चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "आगं बया, पासपोर्ट त्याच्यात हाय? म्या त्याच्यावर फूल वाहून राह्यले."

मी लगेच निघणार होतो. पण काकासाहेब हात सोडेनात. लग्न लागायच्या तोंडावर मांडवातून पाय काढू नये, अक्षता टाकून दोन घास खाऊन जा. मलाही नाही म्हणवेना. लग्न लागलं ते उशिराने. पंगतीत बसलो. बुंदी चांगली होती, परत घेतली. उठल्यावर मांडवाच्या सावलीत टेकलो. वारा छान सुटला होता. कितीतरी महिन्यांनी मला असं स्वस्थ वाटत होतं. चावी खिशात होती.

शेजारी एक शेतकरी बसले होते, रखमाजी नावाचे. कुठले, काय करता, असं बोलणं निघालं. केंद्राचं नाव ऐकून सरसावून बसले.

"मंग मिरचीवाल्या मॅडम तुमच्याकडंच ना?"

मी म्हटलं, त्या माझ्या सौ.

त्यांनी माझा हातच धरला. दोन वर्षं त्यांची मिरची चुरडून गेली, फुलं धरेनात. इंद्रायणी दर आठवड्याला एसटीने येऊन त्यांच्या बांधावर बसायची, पानं पिशवीत भरून न्यायची. मला ती धावड्याला जाते एवढंच माहीत होतं, कारण तिची प्रवासबिलं मीच मंजूर करतो. रखमाजी सांगत होते की तिकडं जाऊन आल्यावर याच्यावर काहीतरी सापडंल असं बाई म्हणाल्या, आमच्या गावातले सगळे त्याचीच वाट बघून राह्यले.

"कवा जाणार हायेत त्या?"

"आज."

"आज?" त्यांनी उन्हाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मंग तुम्ही हितं काय करून राह्यले?"

मी उठलो. चपला कुठे काढल्या होत्या ते सापडेना, कोणाच्या तरी घातल्या आणि स्टँडकडे पळालो. जीपवाला झाडाखाली बिडी ओढत होता. म्हणाला साहेब, अजून पॅसेंजर भरायचे हायेत, लग्नातले लोक निघतेत का आता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिथे बसून राहिलो असतो आणि म्हणालो असतो की जीप भरली नाही त्याला मी काय करणार. काल मी खिशातलं सगळं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, सगळ्या सीटा माझ्या, थेट जालन्याला चल.

भोकरदनच्या पुढे रस्ता खोदलेला होता. मी जीपवाल्याला इतक्या वेळा घाई केली की तो शेवटी म्हणाला, साहेब, तुम्हीच चालवता का? एवढी मोठी रिकामी जीप आणि मी पुढे एकटा, हातात चावी. मला गाडी चुकायची भीती वाटत होती. जानेवारीपासून मनात जे चाललं होतं ते हे नव्हे. ते काय होतं ते मला सांगता येत नाही. फक्त एवढंच वाटत होतं की तिची गाडी चुकली तर मला या जन्मात तिच्याकडे बघता येणार नाही.

गल्लीत जीप वळली तेव्हा आई काकासाहेबांच्या ओट्यावर बसलेली दिसली. दार नुसतं लोटलेलं. पायरीवर कुलूप फुटून पडलं होतं आणि आईच्या मांडीशी आमच्या खलबत्त्यातला बत्ता.

मी विचारलं, कोणी फोडलं?

"म्या. दुपारीच फोडलं. रिक्षात बसवलं तिला. आता उघडं घर टाकून कशी जाऊ, म्हणून बसून राह्यले."

मी म्हटलं, आई, अगं प्रस्थान ठेवलेल्या घराचं कुलूप फोडतं का कोणी? तूच तर सगळं पाळतेस.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "प्रस्थान जायासाठी ठेवतेत रे. बांधून घालाया न्हाई." मग म्हणाली, "आता हुबा काहून? जाय की."

तीच जीप स्टेशनवर नेली. गाडी फलाटावर उभी होती. पळत डबे बघत गेलो. ती खिडकीत बसली होती, मांडीवर प्रस्थानाची पिशवी, आणि समोरच्या बाईशी काहीतरी बोलत होती. मला बघून थांबली. तिला आश्चर्य वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही उद्याच याल."

रागाने म्हणाली नाही. एखादी एसटी नेहमीच उशिरा येते हे आपण जसं सांगतो, तसं म्हणाली. मी चावी वर धरून दाखवली. तिने ती बघितली आणि म्हणाली, आत्याबाई सकाळपासून जेवल्या नाहीत, गेल्यावर आधी त्यांना वाढा. शिट्टी झाली.

मला सांगायचं होतं की मी अख्खी जीप करून आलो. धावड्याचे रखमाजी तुझी वाट बघतायत. समुद्रावर मला रडू आलं होतं ते उन्हाने नव्हतं बहुतेक. हे सगळं तोंडाशी आलं होतं. गाडी हलली आणि मी खिडकीची सळई धरून चालत चालत म्हणालो, "व्हिसा फक्त चार महिन्यांचा आहे. लक्षात ठेव."

"माहीतंय," ती म्हणाली.

सळई सुटली. नंतर मी फलाटावर बराच वेळ होतो. जीपवाला शोधत आला, त्याला परत जायचं होतं.

घरी येऊन आईला वाढलं. काकासाहेबांच्या दाराला आमचं कुलूप लावलं. आईने ताट पुढे घेतलं आणि विचारलं, भेट झाली का? मी हो म्हटलं. मग विचारलं, काय म्हणली?

"तुम्ही आलात ते लई बरं झालं, म्हणाली."

आईने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच ताटात ठेवला. मग म्हणाली, "तू बी जेव."